तुमच्या नावावरचे चारशे बारा मृत्यू

१४ सप्टेंबर

वहिनी,

फोन तुम्ही कापता. दारावर आलो की आत मिक्सर सुरू होतो आणि दादा ओशाळून म्हणतो, "कामात आहे रे ती." सलग पंधरा मिनिटं मिक्सरमध्ये फिरवण्यासारखं घरात काय असतं, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून हे पत्र. तुमच्या नावाचं पाकीट दादा कधी फोडत नाही, हेही एक कारण आहेच.

आधी एक सांगतो, घाबरू नका. निलंबन म्हणजे काही बडतर्फी नव्हे. चौकशी होते, कागद इकडून तिकडे फिरतात आणि माणूस परत आपल्या खुर्चीवर येऊन बसतो. मी मोठ्या साहेबांशी बोललो. ते म्हणाले, "अहो, त्या तुमच्या वहिनी आहेत हे आधी नाही का सांगायचं!" काम सुरू करताना मी ते मुद्दामच सांगितलं नव्हतं. तुम्हालाच ऑफिसात अवघडल्यासारखं झालं असतं, म्हणून.

तुमच्यावरचा आरोप मी वाचला. एका निवृत्त शिवणशिक्षिकेची, ती जिवंत असताना, मृत म्हणून नोंद करणे आणि तिचं घर लाटणाऱ्या पुतण्याशी संगनमत करणे. संगनमत! शेजारणीकडून आणलेली साखरेची वाटी परत करताना शिगोशीग भरून देणाऱ्या बाई तुम्ही. मला वाचताना हसूच आलं. जे घडलं ती तांत्रिक गडबड आहे आणि तांत्रिक गडबडीला माणूस जबाबदार नसतो, हे मी त्यांना पटवून देईन. ते माझ्यावर सोडा.

दादाला सांगा, डोळ्यांत थेंब घालायला विसरू नको म्हणून.

तुमचा,
धाकटा दीर


२९ सप्टेंबर

वहिनी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण टपालाच्या पेटीकडे रोज नजर जाते.

दादा दर रविवारी मला फोन करतो. "तू धावपळ करतोयस तिच्यासाठी, बरं वाटतं रे," म्हणतो. चष्म्याच्या दुकानात बसून भिंगं घासता घासता बोलत असतो, मागे चाकाचा आवाज येतो. तुम्ही त्याला काहीच सांगितलेलं नाही, हे त्याच्या बोलण्यावरून कळतं. मीही काही सांगितलेलं नाही.

चौकशीत तुम्हाला विचारतील म्हणून सगळा क्रम लिहून ठेवतो. आमच्या कंपनीला तुमच्या मृत्यू नोंदणी कार्यालयाचं काम मिळालं. रांग कमी करा, लोकांचा त्रास कमी करा, सरकारी कामात काहीतरी नवं करून दाखवा, असं साहेबांचं म्हणणं होतं. आमची पद्धत डिझाइन थिंकिंगची. म्हणजे आधी लोकांच्या जागी बसून बघायचं, मग अडचण नेमकी कुठे आहे ते ठरवायचं, मग कच्चा नमुना करून चालवून बघायचा. लोकांच्या जागी बसण्याच्या टप्प्याला आमच्याकडे सहानुभूतीचा टप्पा म्हणतात. त्याला दोन आठवडे दिलेले असतात. पंधराव्या दिवशी सहानुभूती संपवून पुढच्या टप्प्यावर जायचं असतं. तुम्ही तेव्हाच खुदकन हसला होता.

ते दोन आठवडे मी तुमच्या खिडकीच्या आत, कपाटाजवळच्या स्टुलावर घड्याळ घेऊन बसलो होतो. खिडकी क्रमांक एक, सरासरी सहा मिनिटं. क्रमांक दोन, सात. क्रमांक तीन, म्हणजे तुम्ही, बावीस. मग खिडकी तीन बंद झाली, तिथे टचस्क्रीनचं मशीन बसलं आणि तुम्हाला तळघरातल्या जुन्या रजिस्टरांच्या खोलीत पाठवलं. मशीनचा वेळ चार मिनिटं. त्या चार मिनिटांबद्दल बक्षीस मिळालेली ढाल माझ्या टेबलावर आहे. तुम्ही बघायला आला नाहीत.

आता लॉगिनचं. मशीनवर भरलेला प्रत्येक अर्ज शेवटी कुणातरी कर्मचाऱ्याच्या लॉगिनवरून मंजूर व्हावा लागतो. नवं लॉगिन मिळायला सहा आठवडे लागणार होते आणि साहेबांसमोरचं प्रात्यक्षिक नऊ दिवसांवर आलं होतं. म्हणून टीममधल्या कुणीतरी तुमचं लॉगिन टाकून मंजुरी आपोआप होईल अशी सोय करून ठेवली. पुढे ते बदलायचं राहून गेलं. जानेवारी ते ऑगस्ट, चारशे बारा मृत्यू तुमच्या नावाने मंजूर झाले. तुम्ही त्या वेळी तळघरात रजिस्टरांवरची धूळ झटकत होता.

हे सगळं असंच्या असं सांगा. कुणाचं नाव घ्यायची गरज नाही.

तुमचा दीर


८ ऑक्टोबर

वहिनी,

परवाच्या सुनावणीचं टिपण मला वाचायला मिळालं. कसं मिळालं ते विचारू नका.

"आपला पासवर्ड आपण कुणाला दिला होता?"

"आठवत नाही."

"नीट आठवून सांगा. या उत्तरावर तुमची नोकरी अवलंबून आहे."

"आठवत नाही."

वहिनी, तुम्हाला न आठवणारी गोष्ट मी आजवर पाहिलेली नाही. माझ्या सातवीच्या सहामाहीतले भूगोलाचे मार्क तुम्ही अजून चारचौघांत सांगता.

तर मीच लिहितो. गेल्या पत्रात "टीममधल्या कुणीतरी" असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. जानेवारीतला शनिवार होता. दादा दुकानात गेला होता. तुमचे दोन्ही हात पिठाने माखलेले होते. मी ओट्याला टेकून उभा राहिलो आणि म्हटलं, "वहिनी, एक काम होतं." तुम्ही म्हणालात, "भाऊजी, हे नियमात बसत नाही हो." मी म्हटलं, "नऊ दिवसांपुरतंच. प्रात्यक्षिक झालं की काढून टाकतो." तुम्ही म्हणालात, "नक्की ना?" मी म्हटलं, "वहिनी, माझ्यावर विश्वास नाही का?"

हे वाक्य मी ठरवून टाकलं होतं. त्यानंतर तुम्ही नाही म्हणणार नाही हे मला माहीत होतं. हात न धुता तुम्ही एकेक अक्षर सांगत गेलात आणि मी मोबाइलमध्ये लिहून घेत गेलो.

नऊ दिवस झाल्यावर मला आठवण होती. दहाव्या दिवशीही होती. पण लॉगिन काढलं असतं तर नवं मिळेपर्यंत मशीन बंद ठेवावं लागलं असतं आणि तोवर वर्तमानपत्रात फोटो आला होता. पुढच्या आठवड्यात बघू, असं मी फेब्रुवारीभर म्हणत राहिलो. मार्चमध्ये त्या पुतण्याने मशीनवर शिवणाच्या बाईंना मारलं. डॉक्टरच्या कागदाचा धूसर फोटो लावला होता, मशीनने तो गोड मानून घेतला.

चुकून राहिलं, असं मी सगळ्यांना सांगतो आहे. चुकून राहिलेलं नाही. मला लाज वाटते.


११ ऑक्टोबर

वहिनी,

तीन दिवसांपूर्वीचं पत्र पेटीत टाकलं आणि वाटलं, चला, सगळं सांगून झालं. जरा हलकंही वाटलं. मग त्या हलकं वाटण्याचाच राग आला, कारण मुख्य गोष्ट मी लिहिलेलीच नाही.

त्या दोन आठवड्यांतल्या एका सकाळी एक म्हातारेबुवा आले होते, बायकोची नोंद करायला. तुम्ही त्यांना खिडकीबाहेर उभं ठेवलं नाहीत, बाजूच्या दारातून आत घेऊन खुर्ची दिलीत. फॉर्म तुमच्याकडेच ठेवलात. "काय झालं होतं हो त्यांना?" एवढंच विचारलंत. ते बुवा सांगायला लागले की तिने सकाळी मोज्यांची जोडी शोधून दिली, एक मोजा सापडत नव्हता, पलंगाखाली होता, मग ती म्हणाली जरा पडते. तारीख तुम्ही सर्वांत शेवटी लिहिलीत. मी वहीत लिहिलं: चोवीस मिनिटं, पैकी एकोणीस अनावश्यक संभाषण.

जेवणाच्या सुट्टीत मी तुम्हाला छेडलं. "वहिनी, तुम्ही नोंदणी करता की गप्पांचं दुकान चालवता?" तेव्हा डबा उघडता उघडता तुम्ही म्हणालात, "भाऊजी, ज्याचं माणूस खरंच गेलंय तो तारखेपासून सुरुवात करत नाही. मोज्यापासून करतो, चहापासून करतो. तारीख त्याला आठवून सांगावी लागते. जो थाप मारायला आलेला असतो ना, त्याची तारीख आधी येते, वेळसुद्धा पाठ असते. अशा दोघांना मी इथूनच परत पाठवलंय. एकाची आई घरी भाजी निवडत बसली होती, शिपाई बघून आला होता, विचारा त्याला."

मी ते जसंच्या तसं एका पिवळ्या चिठ्ठीवर उतरवलं. आमची रीत तीच, ऐकलेलं प्रत्येक वाक्य चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठ्या भिंतीवर लावून त्यांतून अडचण शोधायची. दोनशेच्या वर चिठ्ठ्या होत्या. माझ्या हाताखालची मुलगी त्या चिठ्ठीसमोर बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "सर, मग ही बावीस मिनिटं म्हणजे तपासणीच झाली की. मशीन हे कसं विचारणार?"

वहिनी, तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं, तिच्या आधी.

साहेब दुसऱ्या दिवशी भिंत बघायला येणार होते. त्यांना बावीसचे चार करून हवे होते आणि ते करता येतील असं मी आधीच सांगून बसलो होतो. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ती चिठ्ठी काढली, चुरगाळून टोपलीत टाकली आणि त्या जागी दुसरी लावली: "खिडकी तीनवर वेळ वाया जातो." ती कुणी म्हटलेलीच नव्हती. ती मी लिहिली.

दुसऱ्या दिवशी साहेब नेमके त्याच चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाले, "हे बघा, हेच तर मी कधीचं सांगतोय." सगळ्यांनी माना हलवल्या. त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं. पुढच्या महिन्यात तिने नोकरी सोडली.

माणसांचं ऐकून काम करतो म्हणून मला व्याख्यानाला बोलावतात. सव्वीस वर्षं त्या खिडकीत बसलेल्या माणसाचं मी ऐकलं आणि फेकून दिलं, आणि तुमच्या तोंडचं म्हणून माझंच वाक्य भिंतीवर लावलं.


२३ ऑक्टोबर

वहिनी,

काल चौकशी अधिकारी बाईंकडे जाऊन मी लेखी जबाब दिला. पासवर्ड मी मागितला, मी वापरला, मुद्दाम काढला नाही, चिठ्ठी मी काढून फेकली. चार पानं झाली.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवून सगळी पानं वाचली. मग म्हणाल्या, "तुम्ही यांचे कोण?"

"दीर."

"हं." त्यांनी पानं सारखी करून टाचणी लावली. "वीस वर्षं चौकशा करतेय मी. घरचं माणूस अडकलं की कुणी ना कुणी येतंच सगळं अंगावर घ्यायला. परवा एका शिक्षकाचा मेहुणा आला होता. तुमच्या वहिनी म्हणतात आठवत नाही, तुम्ही म्हणता मीच. यातलं मी काय धरू?"

मी म्हटलं, "खरं आहे ते धरा."

"ते कागदावर यायला लागतं," त्या म्हणाल्या. "त्यांनी स्वतः तुमचं नाव घेतलं तर हा जबाब उभा राहील. नाही तर याची किंमत शून्य. तुम्हाला बसवून चहा पाजला, एवढंच."

चहासुद्धा पाजला नाही, ते सोडा.

जिन्यात शिवणाच्या बाई भेटल्या. मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. छोट्याशा चणीच्या, हातात प्लॅस्टिकची फाइल. दवाखान्यात केसपेपर काढायला गेल्या तेव्हा काउंटरवरची मुलगी स्क्रीन बघून म्हणाली होती, "या बाई तर मार्चमध्ये वारल्या." बाई म्हणाल्या, "मग तू बोलतेयस कुणाशी?" हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं. घर गेलंय, एका जुन्या विद्यार्थिनीकडे राहतात. जिवंत आहोत याचे सात कागद लागतात, पाच झाले. "तुमच्या त्या तीन नंबरच्या बाई करून देतात हो सगळं. नोकरीवरून काढलंय तरी येतात बिचाऱ्या." मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्या फाइल छातीशी धरून जिना उतरून गेल्या.

पुढची सुनावणी सोळा नोव्हेंबरला आहे. तुमच्या निवृत्तीला पाच महिने राहिलेत. संगनमत सिद्ध झालं तर तुम्ही बडतर्फ व्हाल आणि सव्वीस वर्षांनंतर लोक तुम्हाला जिवंत बाईला मारणारी कारकून म्हणून ओळखतील. मी हात जोडतो, माझं नाव घ्या. मला वाचवण्यासाठी गप्प राहिला असाल तर राहू नका. माझ्या कंपनीत मी सांगून टाकलंय, पुढच्या कामावरून त्यांनी मला काढलंय. आता वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही.


१ नोव्हेंबर

वहिनी,

हे पत्र खरं तर अनावश्यक आहे, तुम्ही तिथेच होता. तरी लिहितो.

आज रविवार, दादाचा फोन आला, दुकानातून नाही, घरूनच. "सोळा तारखेचं काय? वकील बघायचा का रे?" म्हणाला. मी म्हटलं, "दादा, बसलायस का?" आणि सांगितलं. चिठ्ठीपासून सुरुवात केली, मग ओट्याचं सांगितलं, मग फेब्रुवारी. तो ओरडेल, शिव्या घालेल असं वाटलं होतं. त्याची तयारी केली होती मी.

त्याने फोन बंद केला नाही, नुसता टेबलावर ठेवला. मला ऐकू येत राहिलं. खुर्ची सरकली. मग लांबून त्याचा आवाज आला, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही त्यांना घर बंद केलं असतं."

"केलंच असतं! आणि तू? तू तर त्याच्याशी बोलतही नाहीस."

तुम्ही भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणालात, "बोलले असते तर माफ करून बसले असते. एवढ्यात करायचं नव्हतं मला."

त्यानंतर दादाला फोनची आठवण झाली असावी, तो बंद झाला. मी माझ्या स्वयंपाकघरात उभा होतो. मला रडू आलं, वहिनी. पण लिहितोय ते रडू दाखवायला नाही. माफ करू नका. एवढ्यात तर नकोच.


१७ नोव्हेंबर

वहिनी,

काल तुम्ही दादाला घेऊन आलात. दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. साक्षीदार म्हणून मला मागच्या बाकावर बसवलं होतं, तिथून तुमची फक्त पाठ आणि चष्म्याची दोरी दिसत होती.

बाईंनी विचारलं, "पासवर्ड कुणाला दिला होता, आता आठवतंय का?"

"आठवतंय."

आणि तुम्ही माझं नाव घेतलंत. आधी माझं, मग वडिलांचं, मग आडनाव, फॉर्मवर घालतात तसं. इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकलं. ऐकताना क्षणभर वाटलं, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

"त्यांनी दबाव आणला होता?"

"नाही."

"मग नियम माहीत असूनही का दिलात?"

"नऊ वर्षांचे होते ते, मी लग्न होऊन आले तेव्हा. तेव्हापासून मागतील ते देत आले. तसाच तोही दिला."

कारकुनाने ते टाइप केलं. बाई तुम्हाला म्हणाल्या की संगनमताचा आरोप आता टिकणार नाही, पासवर्ड दिल्याबद्दल ताकीद तेवढी सेवापुस्तकात लागेल, आणि पुढच्या सोमवारपासून तुम्ही हजर व्हा. तुम्ही "बरं" म्हणालात. दादाने तुमची पिशवी उचलली. तुम्ही दोघं माझ्या बाकाजवळून गेलात. मी उभा राहिलो, पण तुम्ही थांबला नाहीत.

मग कारकुनाने तुमच्या जबाबाचा कागद माझ्यापुढे ठेवला. साक्षीदार म्हणून त्याखाली माझी सही लागत होती. "नीट वाचून घ्या," तो म्हणाला, "काही चुकीचं लिहिलं गेलं असेल तर आत्ताच सांगा."

मी दोनदा वाचलं. चुकीचं काहीच नव्हतं. मी सही केली.